परदेशात एकट्याने गाडी चालवायची, तर पहिल्या दिवशी किती जायचं?

चोरलची_वाट
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या मध्यात न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर चालले आहे, एकटी, गाडी भाड्याने घेऊन. व्हिसा झाला, तिकीट झालं, बाकीच्या दिवसांचं पण जमलंय, अडलंय ते पहिल्या दिवसावर. विमान सकाळी दहाला क्राइस्टचर्चला उतरतं. विमानतळावरच गाडी ताब्यात घेऊन सरळ लेक टेकापो गाठायचं असा माझा बेत आहे, साधारण २२५ किलोमीटर, नकाशा तीन तास दाखवतो. तिकडे तेव्हा साडेआठपर्यंत उजेड असतो, म्हणजे वेळच वेळ आहे. शिवाय त्या दिवसांत तळ्याकाठी ल्युपिनची जांभळी-गुलाबी फुलं येतात, ती संध्याकाळच्या उन्हात बघायची फार इच्छा आहे.
दादा म्हणतो जा, आई म्हणते पहिल्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. इंदूर-महेश्वर तर येता-जाता होतं आणि बिजासन घाट उतरून पुण्यापर्यंतही एकटी गेलेली आहे, त्यामुळे गाडी चालवण्याची भीती नाही. पण परदेशात पहिल्यांदाच. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, पहिल्या दिवशी तुम्ही किती गेलात आणि पुन्हा गेलात तर किती जाल?

राजवाडा_रात्रपाळी
बिनधास्त जा ताई. तिकडे पण आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे. जी मुलगी संध्याकाळी सातला जेल रोडवरून गाडी बाहेर काढते तिला रिकाम्या हायवेवर काय होणार आहे!

मोगरा_स्नेहलतागंज
+१, आणि फोटो टाका.

सुदामानगर_४५२००९
मी आईच्या बाजूने. एक हिशोब करा. नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंड आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं. तुमचे सकाळचे दहा म्हणजे इंदूरचे रात्रीचे अडीच. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतले शेवटचे गिऱ्हाईक पण घरी जाऊन झोपलेले असतात त्या वेळी. गाडीची कागदपत्रं होऊन तुम्ही निघेपर्यंत साडेअकरा, म्हणजे शरीराचे पहाटेचे चार. पहाटे चारला तुम्ही इथून महेश्वरला निघाल का, तेही आदल्या रात्री न झोपता? बाहेर लख्ख ऊन असतं म्हणून डोळे फसतात, अंगाला ते कळत नाही.

रात्रीची_ओपीडी
वरच्या प्रतिसादाला जोरदार अनुमोदन, आणि हे मी कामातून सांगते आहे. नाइट ड्यूटी संपवून सकाळी स्कूटर घेऊन घरी जाताना धडकलेले आमचेच लोक मी कॅज्युअल्टीत पाहिलेत. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, माणसांना सलग जागं ठेवून हात-डोळ्यांचा ताळमेळ तपासला आणि त्याच माणसांना वेगळ्या दिवशी दारू देऊनही तपासला. साधारण सतरा तास जागरण झालं की हात रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा चालतो असं निघालं. न्यूझीलंडमध्ये मोठ्या माणसांसाठी कायद्याची मर्यादाच तेवढी आहे, १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम, आणि आपल्याकडे तर ३०. म्हणजे थेंबही न घेता तुम्ही भारतातल्या मर्यादेच्या वर असाल. घरून निघून दीड दिवस होत असेल ना तुम्हाला? विमानातली झोप म्हणजे मान एकीकडे पाय एकीकडे, ती धरू नका.
फुलं दुसऱ्या दिवशी पण तिथेच असतात हो.

बडोदे_मांडवी
इथे सगळे घाबरवायलाच बसलेत असं दिसतं. माझा अनुभव उलटा आहे. मी ओमानला एकटा गेलो, मस्कतला उतरलो, गाडी घेतली आणि तडक निझवा, दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. आणि तिकडे तर गाडी उजव्या बाजूने चालवायची, स्टिअरिंग डावीकडे! रस्ते लोण्यासारखे, ताशी १२०ची मर्यादा, आणि जागोजागी रडार कॅमेरे त्यामुळे सगळे शिस्तीत. दोन तासांत किल्ल्यासमोर उभा होतो. पहिल्या दिवसाचा जो उत्साह असतो तो हॉटेलात झोपून घालवण्यात काय अर्थ आहे? थकवा आला तर बाजूला घ्यायची गाडी, झोपायचं वीस मिनिटं, पुढे निघायचं.

सुदामानगर_४५२००९
@बडोदे_मांडवी साहेब, ओमान आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे. तुम्ही बडोद्याहून मुंबईला जाऊन गाडी चालवल्यासारखंच झालं ते, शरीराच्या घड्याळाला काही पत्ताच लागला नसेल. ताईंचं तसं नाही.

बडोदे_मांडवी
हा मुद्दा मान्य. पण उत्साहाचा मुद्दा सोडत नाही मी :)

कँटरबरीतली_इंदुरी
हा धागा माझ्यासाठीच निघाल्यासारखा वाटतोय, माहेर राजेंद्रनगर आणि आता बरीच वर्षं क्राइस्टचर्चजवळ राहते. जरा सविस्तर लिहिते.
रस्ता अवघड नाही, हे आधी सांगते. विमानतळ शहराच्या वायव्येला आहे आणि स्टेट हायवे १ त्याच्या जवळूनच जातो, त्यामुळे दक्षिणेकडे जायला शहरात शिरावंच लागत नाही. रोलस्टन, मग राकाइया, तिथे नदीवर पावणेदोन किलोमीटरचा पूल आहे, देशातला रस्त्याचा सगळ्यात लांब, मग अ‍ॅशबर्टन. रांगिटाटाच्या पुढे उजवीकडे वळून हायवे ७९ धरायचा, जेराल्डिन, फेअरली, आणि तिथून हायवे ८ने बर्क्स पास चढून टेकापो.
पण धोका घाटात नाही, तो आहे पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये. कँटरबरीचं मैदान म्हणजे आखल्यासारखा सरळ रस्ता, दोन्हीकडे कुंपणं, मेंढ्या, गाई, शेतात पाणी फिरवणारे लांबच लांब चाकांचे सांगाडे. बघायला छान, पण अर्ध्या तासाने डोळे जड करणारा. समोरून ९०ने येणारे दुधाचे टँकर आणि मधे फक्त एक रंगवलेली रेघ, बहुतेक ठिकाणी दुभाजक नाही. आमच्याकडे पाहुणे येतात त्यांना मी पहिल्या दिवशी चावी देत नाही, कितीही पट्टीचे ड्रायव्हर असोत. त्यांना हॅगली पार्कात नेते, बोटॅनिक गार्डनमध्ये उन्हात फिरवते, रात्री नऊपर्यंत काही करून जागं ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस माणसात आलेला असतो.
तुम्हाला पहिल्याच दिवशी निघायचंच असेल तर मधला मार्ग म्हणजे जेराल्डिन. साधारण १३५-१४० किलोमीटर, छोटं नीटनेटकं गाव, राहायची सोय होते. पण माझं खरं मत विचाराल तर पहिली रात्र क्राइस्टचर्चलाच, आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, एका दिवसाचं भाडं पण वाचेल.

चोरलची_वाट
बाप रे, एवढं सविस्तर! खूप खूप आभार ताई. गाडी दुसऱ्या दिवशी घ्यायची हे डोक्यातच आलं नव्हतं. आता खरंच विचार करते.
दोन शंका. तिकडे एका वेळी एकच गाडी जाईल असे पूल असतात म्हणे, त्यात आधी कोण जायचं ते कसं कळतं? आणि वळणावर पिवळ्या पाटीवर ३५, ४५ असे आकडे असतात ती वेगाची सक्ती असते का?

कँटरबरीतली_इंदुरी
पुलाआधी पाटी असते. गोल, लाल कडेची पाटी आणि तुमच्या दिशेचा बाण छोटा लाल असेल तर तुम्ही थांबायचं, समोरच्याला जाऊ द्यायचं. निळी चौकोनी पाटी आणि तुमचा बाण मोठा पांढरा असेल तर पहिला हक्क तुमचा, तरी समोरचा आधीच पुलावर शिरलेला असेल तर थांबा. वेस्ट कोस्टला गेलात तर असे पूल पुष्कळ लागतील. समोरचा तुमच्यासाठी थांबला की हात वर करून आभार मानायचे, इथली पद्धत आहे.
पिवळ्या पाटीवरचा आकडा हा सल्ला आहे, सक्तीची मर्यादा लाल गोलात असते. पण तो सल्ला मानाच. हायवेवर १०० लिहिलंय म्हणून वळणावर १००ने जायचं नसतं, ३५ लिहिलं असेल तर वळण खरोखर ३५चं असतं. आणि रस्त्याच्या मधे तुमच्या बाजूला अखंड पिवळी रेघ असेल तर ओव्हरटेक नाही म्हणजे नाही.

राजवाडा_रात्रपाळी
आपल्याकडे पुलावर आधी कोण जायचं ते हेडलाइट कोणी आधी मारला त्यावर ठरतं 😀

भेरूघाट
ह्यावरूनच लिहायचं होतं. "इंदूरमध्ये चालवली म्हणजे कुठेही चालवाल" हे इथे वर म्हटलंय ते मला अजिबात पटत नाही आणि ह्याच समजुतीवर लोक परदेशात गोत्यात येतात. आपण इथे काय करतो, समोरचा कधीही कुठूनही घुसेल असं धरून चालवतो, म्हणून हळू चालवतो, हॉर्नने बोलत बोलत जातो. तिकडे उलटं, तुम्ही नियम पाळालच असं समोरचा धरून चालतो. तो राउंडअबाउटमध्ये उजवीकडून येताना ब्रेकवर पाय ठेवून येत नाही, कारण तुम्ही थांबणार ह्याची त्याला खात्री असते. आपण सवयीने नाक पुढे घातलं की संपलं. म्हणजे हात तयार असला तरी नजर नव्याने तयार करावी लागते, आणि ती झोप झालेल्या डोक्यानेच होते. पहिला दिवस त्यासाठी ठेवावा, किलोमीटरसाठी नाही.

राजवाडा_रात्रपाळी
हे बाकी खरं आहे भिया. माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता.

पाटणकर_बाजार_ग्वाल्हेर
मी आइसलँडचं सांगतो, कारण तिथे सगळंच उलटं, उजवी बाजू, डावं स्टिअरिंग. केफ्लाविक विमानतळ ते राजधानी रेक्याविक फक्त पन्नासेक किलोमीटर, पहिल्या दिवशी तेवढंच ठेवलं आणि ते एकदम योग्य होतं. ऑटोमॅटिक गाडी घेतली होती, त्यामुळे उजव्या हाताने गिअर टाकायचा प्रश्न नव्हता.
मला वाटलं होतं गर्दीत त्रास होईल. गर्दीत काहीच झालं नाही, पुढच्या गाडीच्या मागे जायचं. त्रास होतो तो रिकाम्या रस्त्यावर. पेट्रोल भरून बाहेर पडताना समोर एकही गाडी नाही, मागे नाही, आणि हात आपोआप जुन्या सवयीच्या बाजूला वळवतो. म्हणून पंपावरून, पार्किंगमधून, फोटोसाठी थांबलेल्या जागेवरून निघताना प्रत्येक वेळी तोंडाने मोठ्याने म्हणायचो, "उजवीकडे". एकटा असल्यामुळे ऐकायला कोणी नव्हतं हे बरं.
आणखी तीन गोष्टी ज्या पहिल्या दिवशी माहीत असलेल्या बऱ्या. दोन लेनच्या राउंडअबाउटमध्ये तिथे आतल्या लेनवाल्याला बाहेर पडायचा पहिला हक्क असतो. दिवसाढवळ्या पण हेडलाइट चालूच ठेवायचे, कायदा आहे. आणि वारा! दार उघडताना एका हाताने घट्ट धरून उघडायचं, वाऱ्याने दार उलटं वाकतं आणि ते बहुतेक विम्यात बसत नाही. गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून लावावी.

मोगरा_स्नेहलतागंज
वाऱ्याने दार वाकतं?? आमच्याकडे फार तर वाळत घातलेले पापड उडतात.

सियागंज_मसालेवाले
सगळे गाडीवर बोलताय, खाण्यावर कोणीच नाही. एकट्या बाईमाणसाने पहिल्या दिवशी हॉटेल शोधत कशाला फिरायचं, बॅगेत शेव, लसणाची चटणी, मेथीचे ठेपले आणि पोह्यांचं झटपट पाकीट टाका. पहिली रात्र निघते.

कँटरबरीतली_इंदुरी
काका, थांबा! ताई, हे नीट वाचा. न्यूझीलंडमध्ये खाण्याचं काहीही असेल तर ते डिक्लेअर करावंच लागतं, विमानात बसण्याआधी ऑनलाइन भरायच्या फॉर्ममध्येच तो प्रश्न असतो. सांगितलं नाही आणि सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. सांगितलं तर ते बघतात, चालण्यासारखं असेल तर परत देतात, नसेल तर फेकतात, दंड नाही. मध अजिबात आणू नका, ताजी फळं-भाजी नको, बिया नकोत. कारखान्यात पॅक केलेली शेव वगैरे मी स्वतः सांगून आणलेली आहे. विमानात दिलेलं सफरचंद पर्समध्ये राहून गेलं म्हणून दंड भरलेले लोक आहेत.
आणि ट्रेकिंगचे बूट आणणार असाल तर घरीच घासून धुऊन आणा, तळव्याच्या खाचांतली माती सुद्धा टाचणीने काढा. बूट पण डिक्लेअर करायचे असतात.

सियागंज_मसालेवाले
बरं झालं सांगितलंत. मग ठेपले इथेच खाऊन निघा.

विजयनगर_व्हॉयेजर
गाडीच्या काउंटरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, पहिल्या दिवसाचा निम्मा त्रास तिथेच असतो. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड लागतं आणि ते चालवणाऱ्याच्याच नावाचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं चालत नाही, पुष्कळ ठिकाणी डेबिट कार्ड घेत नाहीत. कार्डाची मर्यादा आधी बघा, मोठी रक्कम अडकवून ठेवतात. विमा असला तरी नुकसानीचा पहिला हिस्सा आपल्या खिशातून जातो, तो शून्यावर आणायचा की नाही हे घरी शांत डोक्याने ठरवून जा, काउंटरवर झोपेत ठरवू नका.
माझ्याकडून युरोपात एका कंपनीने (नाव घेत नाही) अलॉय व्हीलवरच्या ओरखड्याचे पैसे मागितले होते. गाडी घेताना मी फिरून व्हिडिओ काढला होता, चारही चाकं, काच, छत, आतली सीट, तारखेसकट. तो पाठवल्यावर विषय संपला. पाच मिनिटांचं काम आहे. पाऊस पडत असेल तर शेडखाली घ्यायला लावा, ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत.
आणि निघण्याआधी पार्किंगमध्येच दहा मिनिटं बसा. वायपर, इंडिकेटर, काचेवरचं धुकं घालवायचं बटण, पेट्रोलचं झाकण कुठून उघडतं, डिझेल आहे का पेट्रोल. मग पार्किंगमध्ये दोन चकरा.

कँटरबरीतली_इंदुरी
डिझेलवरून आठवलं. इथे डिझेल गाडीला प्रत्येक किलोमीटरमागे वेगळा रस्ता-कर असतो, कँपरव्हॅन घेणाऱ्यांना तो शेवटच्या बिलात दिसतो आणि धक्का बसतो. बुकिंग करताना विचारून घ्या.

लोकमान्यनगर_आजोबा
लायसन्सचे काय? मुलगा जाणार आहे म्हणून विचारतो.

विजयनगर_व्हॉयेजर
आजोबा, इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून मिळतं, परिवहनच्या साइटवर अर्ज होतो, फॉर्म ४-ए, फी १००० रुपये, एक वर्ष चालतं. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत लागते. फक्त एक लक्षात ठेवायला सांगा, ते मूळ लायसन्सच्या जोडीला असतं, एकटं परमिट नेऊन उपयोग नाही.

लोकमान्यनगर_आजोबा
धन्यवाद. सांगतो त्याला.

रामबागची_आई
मी गाडी चालवत नाही, पण माझी मुलगी अशी एकटी फिरते म्हणून आईच्या बाजूचं लिहिते. चोरलची_वाट, तुझ्या आईला किलोमीटरची काळजी नाहीये ग, पोचल्याचा फोन येईपर्यंतचे जे तास असतात त्यांची आहे. आम्ही दोघींनी एक ठरवलंय. ती निघताना कुठून कुठे ते पाठवते आणि पोचायची वेळ दोन तास वाढवूनच सांगते. मधल्या वेळात मी फोन करायचा नाही, कारण वाजला की ती उचलायला बघणार. पहिल्या दिवशी ती शहरातच राहिली की मला पण एक रात्र शांत झोप लागते आणि मग पुढे कितीही लांब जाऊ दे.

चोरलची_वाट
काकू, हे वाचून दाखवलं आईला. ती काही बोलली नाही, पण चहा करून आणला.

कँटरबरीतली_इंदुरी
काकूंच्या बोलण्याला जोडून, टेकापोच्या पुढे आणि वेस्ट कोस्टला फोनची रेंज कितीतरी वेळ जाते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाहीत. नकाशा आधी उतरवून घ्या. गाडी चालवताना फोन हातात धरणं कायद्याने बंद आहे, काचेला लावायचा होल्डर तिथूनच घेऊन या, इथे महाग पडतो. आणीबाणीचा नंबर १११.

बडोदे_मांडवी
मग ठरलं काय शेवटी? मी अजून माझ्या मतावर आहे, किमान जेराल्डिन तरी. विमानतळाजवळच्या हॉटेलात पडदे ओढून झोपायला एवढ्या लांब कोण जातं.

रात्रीची_ओपीडी
पडदे ओढून झोपूच नका, दुपारी झोपलात तर रात्री दोनला टक्क जाग येईल. उन्हात चाला, हलकं खा, संध्याकाळी नऊनंतर झोपा. पहिल्या दिवशी हेच औषध.

चोरलची_वाट
ठरलं. टेकापोचं बुकिंग एक दिवस पुढे ढकललं, पैसे कापले नाहीत. पहिली रात्र क्राइस्टचर्च, विमानतळावरून बसने शहरात, बाग, नदीकाठ, जमलं तर ट्राम. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गाडी, तीही ऑटोमॅटिक, पेट्रोल. विमा पूर्ण घेतला. वाटेत अ‍ॅशबर्टनला एक आणि जेराल्डिनला एक थांबा, झोप आली नसली तरी थांबायचं. मांडवीकाका, तुमचा उत्साहाचा मुद्दा मी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलाय.
एकच राहिलं, बर्क्स पास किती चढाचा आहे? आपल्या मानपूर घाटासारखा का?

कँटरबरीतली_इंदुरी
छे, त्यापेक्षा सोपा. उंची ७०९ मीटर, पण चढ सावकाश आहे, ट्रकांची रांग नाही. पास ओलांडला की झाडं एकदम संपतात आणि पिवळ्या गवताचं मोठं पठार उघडतं, मागे बर्फाचे डोंगर. तिथे सगळ्यांना फोटोसाठी थांबावंसं वाटतं आणि लोक वळणावरच गाडी अर्धी रस्त्यात ठेवून उतरतात, तसं करू नका, थोडं पुढे बाजूला मोकळी जागा मिळते तिथे पूर्ण आत घ्या. ल्युपिन तळ्याकाठी १९३५ सालच्या छोट्या दगडी चर्चच्या आसपासच दिसतील. रात्री आकाश निरभ्र असेल तर झोपू नका लवकर, तो सगळा भाग २०१२पासून डार्क स्काय रिझर्व्ह (रात्रीचा अंधार जपायला राखलेला भाग) आहे, गावातले दिवे सुद्धा खाली तोंड केलेले असतात.
आणि फेअरलीला पेट्रोल भरून घ्या, तिथला पाय (pie, आत सारण भरून भाजलेला) खा. शाकाहारी असाल तर आत काय आहे ते विचारून. टेकापोला जेवायच्या जागा मोजक्या आहेत आणि किचन लवकर बंद होतं, आठच्या आत जेवून घ्या.